शब्दाची जात वाक्यात ठरते

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाणी घेऊन निघालेली रेल्वे लातूरला पोचली. पहिल्या खेपेत दहा वाघिणी होत्या आणि पाच लाख लिटर पाणी. इंग्रजी वर्तमानपत्रांनी तिला 'वॉटर ट्रेन' म्हटलं. लातूरच्या कुठल्याही सातवीच्या वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहून बघावं: 'अ वॉटर ट्रेन केम टू लातूर.' 'ट्रेन'खाली रेघ ओढावी आणि विचारावं, हा कोणता पार्ट ऑफ स्पीच? वर्ग एका सुरात 'नाउन' म्हणेल, आणि बरोबर म्हणेल. आता त्याखाली दुसरं वाक्य लिहावं: 'दे ट्रेन स्टुडन्ट्स इन लातूर.' पुन्हा 'ट्रेन'खाली रेघ. उत्तर बहुतेक वेळा पुन्हा 'नाउन' असंच येतं. का, असं विचारलं की मुलं सांगतात, ट्रेन म्हणजे रेल्वे, रेल्वे ही वस्तू, वस्तूचं नाव म्हणजे नाउन. नीटच्या क्लासेसवर ज्या शहराचं अर्थकारण उभं आहे, तिथल्या मुलांना 'ट्रेन करणं' म्हणजे काय हे ठाऊक नसेल असं नाही. ते ठाऊक असूनही त्यांनी वाक्य वाचलेलंच नसतं. रेघेवरचा शब्द तेवढा उचलला, पाठ केलेल्या यादीत शोधला, यादीतलं लेबल चिकटवलं.

सहावी ते आठवीच्या मुलांकडून पार्ट्स ऑफ स्पीचची जी उजळणी आपण करून घेतो, ती नेमकी हीच सवय पक्की करते, असं माझं म्हणणं आहे. मुलं विसरतात म्हणून उजळणी करायची आणि उजळणी करायची ती पुन्हा विसरण्याजोग्याच गोष्टीची, असं हे चक्र दरवर्षी जूनपासून फिरत राहतं. पाचवीत आठ व्याख्या पाठ, सहावीत त्याच आठ, सातवीत त्याच, आठवीत पुन्हा त्याच. चार वर्षांत मुलगा मोठा होतो, 'नाउन इज अ नेम ऑफ पर्सन, प्लेस ऑर थिंग' मात्र तेवढंच राहतं.

या व्याख्यांनी काम होतं का, ते आधी पाहू. व्हर्ब म्हणजे अ‍ॅक्शन वर्ड, क्रिया दाखवणारा शब्द. ठीक. मग 'द फाइट वॉज ओव्हर' या वाक्यात 'फाइट' काय? मारामारीइतकी क्रिया दुसरी कोणती! व्याख्येवर विश्वास ठेवणारं हुशार पोरगं इथे व्हर्ब लिहितं आणि त्याचा मार्क जातो. उलट 'शी हॅज अ ब्रदर' यात क्रिया कुठे आहे? कोणी काही करत नाही, तरी 'हॅज' व्हर्ब आहे. मिशिगनचे भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फ्राइज यांनी 1952 साली 'द स्ट्रक्चर ऑफ इंग्लिश' या पुस्तकात याच गोष्टीवर बोट ठेवलं होतं. लोकांची सुमारे 50 तासांची ध्वनिमुद्रित बोलणी त्यांनी तपासली, अडीच लाखांच्या आसपास शब्द. त्यांचा आक्षेप साधा होता: नाउनची व्याख्या आपण अर्थावरून करतो, अ‍ॅडजेक्टिव्हची व्याख्या तो वाक्यात काय काम करतो त्यावरून करतो. एकाच वर्गीकरणात दोन मापं कशी चालतील? त्याऐवजी त्यांनी वाक्यातल्या मोकळ्या जागा घेतल्या. 'द ____ इज गुड' या रिकाम्या जागेत जो शब्द बसतो, तो एका वर्गातला. सत्तर वर्षं उलटून गेली, आपली गाइडं अजून दोन मापांनीच मोजतात.

आणि हा आठाचा आकडा तरी कुठून आला? यास्काने निरुक्तात चार पदजाती सांगितल्या: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. पाणिनीचं काम सुबन्त आणि तिङन्त या दोनांत भागलं. नांदेडमध्ये निजामी राजवटीत उर्दू माध्यमातून शिकलेली पिढी इस्म, फेल आणि हर्फ असे तीनच भाग शिकली, कारण उर्दूचं व्याकरण अरबीच्या वळणाने गेलं. युरोपात ग्रीकांचे आठ लॅटिनमध्ये आले, पण लॅटिनला आर्टिकल नसल्यामुळे तो भाग गळाला आणि त्याजागी इंटरजेक्शन भरून आकडा आठचा आठ राखला गेला. लिंडले मरे यांच्या 1795 च्या गाजलेल्या इंग्रजी व्याकरणात नऊ आहेत, कारण त्यांनी आर्टिकल वेगळं मोजलं. दादोबा पांडुरंगांनी 1836 मध्ये 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' लिहिलं तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा आराखडा समोर होता, आणि त्याच वाटेने मराठीतही नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद आणि चार अव्ययं असे आठ रुळले. मराठीला हा साचा कितपत बसतो यावर अरविंद मंगरूळकर आणि कृष्ण श्री. अर्जुनवाडकर यांनी पुढे कसून वाद घातला. शाळेपर्यंत तो वाद पोचला नाही. शाळेत आठ म्हणजे आठ दिशांसारखे.

याचा एक परिणाम फार व्यावहारिक आहे. मराठीतले आठ आणि इंग्रजीतले आठ जोडीने समोर ठेवले की वाटतं, हे तर तेच आहेत, फक्त नावं इंग्रजी. गाइडात तक्ताच असतो: प्रिपोझिशन म्हणजे शब्दयोगी अव्यय. मुलगा म्हणतो, समजलं. आणि मग वहीत लिहितो, 'द बुक इज टेबल ऑन.' त्याची काय चूक? 'टेबलावर' मधला 'वर' नामाच्या मागे चिकटतो, 'ऑन' पुढे आणि सुटा येतो. तक्त्याने नाव जुळवून दिलं आणि नेमका फरक झाकला.

शब्दाची जात ओळखण्याची खूण मराठीत एका ठिकाणी असते, इंग्रजीत दुसऱ्या ठिकाणी. हे मुलांना दाखवायला खोटे शब्द फार उपयोगी पडतात. फळ्यावर लिहा: 'मोंड्याने पोटण गिलवलं.' यातला एकही शब्द कुठल्या कोशात नाही. तरी सहावीतली मुलगी सांगेल की मोंड्याने काहीतरी केलं, जे केलं ते गिलवणं, आणि ज्याचं केलं ते पोटण. शब्द उलटेपालटे करा, 'पोटण गिलवलं मोंड्याने', तरी अर्थ हलत नाही. 'ने' आणि 'लं' या शेपट्या सगळं सांगतात. आता इंग्रजीत: 'द मोंडी गिल्ड अ पोटन.' इथेही कळतं, पण कशावरून? 'द' आणि 'अ' यांच्यामागून नाउन येतो म्हणून, आणि दोन नाउनांच्या मध्ये व्हर्ब बसतो म्हणून. मोंडी आणि पोटन यांची अदलाबदल केली तर गिलवणारा बदलतो. मुलं हे हसत हसत करतात. वर्ग थोडा बिघडतो, बिघडू द्यावा. त्यानंतर 'वुई वॉटर द प्लांट्स' मध्ये 'वॉटर' व्हर्ब का, हे वेगळं समजावावं लागत नाही. 'वुई'च्या मागे आणि 'द प्लांट्स'च्या आधी जो बसला, तो व्हर्ब. तोच माणूस घरात बाप असतो, सासुरवाडीला जावई आणि बँकेत कर्जदार. कुठे उभा आहे ते पाहिल्याशिवाय त्याला काय म्हणायचं ते ठरत नाही. तसं पाहिलं तर मराठीच्या तासाला हेच शिकवलं जातं. 'शहाण्याला शब्दांचा मार' यात 'शहाणा' हे विशेषण नामासारखं वापरलं आहे, हे पोरांना पाठ असतं. पण मराठीचा तास वेगळा, इंग्रजीचा वेगळा, सर वेगळे. दोन वह्यांमधला निरोप पोचत नाही.

'वॉटर ट्रेन' मधला 'वॉटर' मी मुद्दाम बाजूला ठेवला होता. तो 'ट्रेन'बद्दल माहिती सांगतो, मग अ‍ॅडजेक्टिव्ह म्हणायचा का? पण 'व्हेरी वॉटर ट्रेन' म्हणता येत नाही. बहुतेक आधुनिक व्याकरणं त्याला विशेषणाचं काम करणारा नाउन म्हणतील, शाळेतली काही पुस्तकं सरळ अ‍ॅडजेक्टिव्ह म्हणतील. असा शब्द परीक्षेत टाळावा, पण वर्गात जरूर आणावा. सातवीच्या मुलांना वाद घालायला आवडतं, आणि व्याकरणात वाद घालता येतो ही बातमी त्यांच्यापर्यंत कोणीतरी पोचवली पाहिजे.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या शिक्षकांच्या हातात याबाबतीत एक भांडवल आहे, जे पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शाळेत सहज मिळत नाही. देगलूर, बिलोली, धर्माबादकडच्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी मुलं असतात. उदगीर-निलंग्याकडे कन्नड कानावर असते. नांदेड शहरात उर्दू आणि दखनी, गुरुद्वाऱ्याच्या परिसरात पंजाबी, किनवट-माहूरकडे बंजारा, गोंडी, कोलामी. एरवी या भाषांकडे अडचण म्हणून पाहिलं जातं: घरी मराठी नीट नाही, तर इंग्रजी काय शिकणार! मला वाटतं हे उलटं आहे. 'टेबलावर' हा शब्द वर्गाला आपापल्या घरच्या भाषेत म्हणायला सांगा. उर्दूवाला म्हणेल 'मेज़ पर', तेलुगूवाली 'बल्ल मीद', कन्नडवाला 'मेजिन मेले'. फळ्यावर ओळीने लिहा. सगळ्यांचा 'वर' मागे आहे. एकटी इंग्रजी पुढे ठेवते. हे बघायला दोन मिनिटं लागतात, आणि त्यानंतर 'टेबल ऑन' लिहिणाऱ्या मुलाला आपली चूक अडाणीपणाची वाटत नाही. चार भाषांच्या बाजूने केलेली ती चूक असते.

विशेषणाचंही तसंच. 'चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगली मुलं' असं बदलत जाणारं विशेषण डोक्यात असतं, म्हणून मुलं 'गुड्स बॉइज' लिहून बसतात. तेलुगूत 'मंचि' मुलासाठीही तोच आणि मुलीसाठीही तोच. कन्नडमध्ये 'ओळ्ळेय' तसाच. पण इतक्या लांब जायची गरज नाही, मराठीतच 'हुशार' आहे, 'लाल' आहे, 'गरीब' आहे. हुशार मुलगा, हुशार मुलगी, हुशार मुलं. इंग्रजीतली सगळी अ‍ॅडजेक्टिव्हं 'हुशार'सारखी वागतात, 'चांगला'सारखं एकही वागत नाही, एवढं एक वाक्य पुरतं. अ‍ॅडव्हर्बची गाठ याहून निरगाठीची. आपण म्हणतो, 'तो चांगला गातो, ती चांगली गाते.' इथे 'चांगला' हा गाण्याबद्दल बोलतो, पण रूप मात्र गाणाऱ्याप्रमाणे घेतो. म्हणून मराठी मूल 'ही सिंग्स गुड' म्हणतं आणि ते 'वेल' का हवं हे त्याला कळत नाही. अ‍ॅडव्हर्बची व्याख्या शंभर वेळा घोकली तरी ही गाठ सुटणार नाही; 'तो चांगला गातो' हे वाक्य शेजारी लिहून 'चांगला कोण, तो की त्याचं गाणं?' असं विचारलं तर सुटते.

क्रियापदाच्या बाबतीत तर मराठवाड्याची बोलीच कामाला येते. 'काय करायलास?', 'शाळेला जायलोय.' पुस्तकी मराठीत 'मी शाळेत जातो' हे रोजचं जाणंही असतं आणि आत्ता निघालेलंही असू शकतं. आपल्या बोलीत 'जातो' वेगळं आणि 'जायलोय' वेगळं, दोन्हींची गल्लत होत नाही. 'आय गो' आणि 'आय अ‍ॅम गोइंग' हा फरक 'जातो' आणि 'जायलोय' असा सांगितला तर लातूरच्या मुलाला तो लगेच पटतो. पण वर्गात ही बोली अशुद्ध ठरलेली असते, तेव्हा सर आधी 'जायलोय'चं 'जात आहे' करतात, मग इंग्रजीकडे वळतात. जवळची वाट बंद करून लांबच्या वाटेने नेण्याचा हा प्रकार आहे.

जुन्या पिढीकडे निदान एक गोष्ट होती. पाचवीत इंग्रजीची मुळाक्षरं गिरवायची आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून वाक्यं इकडून तिकडे न्यायची. त्या पद्धतीने बोलणं आलं नाही, हे खरं. पण दोन भाषा सतत शेजारी ठेवून पाहायची सवय लागली. 2000 साली सरकारने पहिलीपासून इंग्रजी आणली. बडबडगीतं आली, संवाद आले, चित्रं आली, हे चांगलंच झालं. फक्त ते शेजारी ठेवणं गेलं, आणि व्याकरणाच्या नावाखाली उरल्या त्या व्याख्या.

यावर एक बाजू अशी मांडली जाते की मग व्याकरण शिकवूच नका. तिला आधार भक्कम आहे. अमेरिकेत ब्रॅडॉक आणि सहकाऱ्यांच्या 1963 च्या अहवालाने निष्कर्ष काढला की औपचारिक व्याकरण शिकवल्याने मुलांचं लेखन सुधारत नाही, कदाचित नुकसानच होतं. इंग्लंडमध्ये यॉर्क विद्यापीठाच्या 2004 च्या आढाव्यालाही फायद्याचा पुरावा सापडला नाही. तरी तिथल्या सरकारने 2013 पासून प्राथमिकच्या शेवटच्या वर्षी व्याकरणाची परीक्षा सुरू केलीच. आपल्या शेजारी बंगळूर प्रकल्पात एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात सरकारी शाळांतल्या मुलांना रेल्वेचं वेळापत्रक वाचणं, नकाशावरून वाट सांगणं अशी कामं देऊन इंग्रजी शिकवली. लक्ष अर्थावर असताना व्याकरण आतून घडतं, असं त्यांचं म्हणणं.

मला हे अर्धं पटतं. ब्रॅडॉकचा निष्कर्ष मुख्यतः इंग्रजीतच जगणाऱ्या मुलांबद्दलचा आहे. त्यांच्या कानावर दिवसभर इंग्रजी पडते. त्यांना व्हर्बची जागा सांगावी लागत नाही, ती त्यांच्या बोलण्यात आधीच असते. अहमदपूर किंवा मुखेडच्या झेडपीच्या शाळेतल्या मुलाच्या कानावर इंग्रजी पडते ती आठवड्याच्या काही तासांपुरती. आतून घडायला इतकं इंग्रजी आत जातच नाही. त्याला नकाशा हवा. शब्दकोश उघडल्यावर 'ट्रेन'समोर 'ना.' आणि 'क्रि.' अशा दोन खुणा दिसल्या तर आपल्या वाक्याला कोणती लागू, हे ठरवता यायला हवं. पार्ट्स ऑफ स्पीचचा उपयोग असेल तर तो हा, आणि आपली चूक आपण शोधण्याचा. प्रभूंकडून मी वेळापत्रक घेईन, व्याकरण सोडणार नाही.

मात्र एक आकडा डोळ्यांआड करून चालणार नाही. 'असर'च्या 2022 च्या पाहणीत देशभरच्या ग्रामीण भागातल्या आठवीच्या मुलांपैकी साधी इंग्रजी वाक्यं वाचता येणारी 46.7 टक्के निघाली, पाचवीत 24.5 टक्के. म्हणजे ज्याला वाक्य वाचता येत नाही त्याला आपण वाक्यातल्या शब्दाची जात विचारतो आहोत. अशा मुलाने यादी पाठ करू नये तर काय करावं? तोच एक आधार त्याच्याकडे उरतो. म्हणून उजळणी वाक्य मोठ्याने वाचण्यापासूनच सुरू व्हायला हवी. वाचलं, अर्थ सांगितला, मग जात. हा क्रम उलटा झाला की सगळंच घोकणं.

परीक्षेबद्दल शिक्षकांची तक्रार रास्त आहे. शिष्यवृत्ती परीक्षा चौथी-सातवीला की पाचवी-आठवीला, हा घोळ सरकार अधूनमधून घालत असतं. पण या परीक्षेत इंग्रजीचे 25 प्रश्न आणि 50 गुण असतात, आणि गावात शाळेची किंमत या गुणांवर ठरते. खालच्या वर्गांतून फाउंडेशनच्या नावाने वस्तुनिष्ठ प्रश्नांचा रतीब सुरू झाला आहे. वस्तुनिष्ठ प्रश्न वाईट असतो असं मी म्हणणार नाही. रेघ ओढलेला शब्द वाक्यातच दिलेला असतो, म्हणजे प्रश्नाचा सांगाडा चांगला आहे. बिघाड शब्दाच्या निवडीत आहे. 'ब्यूटिफुल', 'क्विकली', 'अँड' असे शब्द घेतले की वाक्य न वाचताही उत्तर येतं. 'फास्ट', 'राउंड', 'लाइट', 'बुक' असे शब्द घेऊन एकच शब्द दोन वाक्यांत दिला आणि दोन्हीकडची जात विचारली, तर घोकणारा अडकतो आणि वाचणारा सुटतो. 'शी बुक्स अ टिकट' आणि 'शी रीड्स बुक्स' यांच्यात शेवटचा 'स' सारखाच आहे, कामं दोन. शाळेच्या चाचणीत असा बदल करायला कुठल्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.

वेळेचीही फेरवाटणी हवी. गाइडात इंटरजेक्शनला जेवढी जागा, जवळजवळ तेवढीच व्हर्बला, कारण आठांना समान न्याय. इंटरजेक्शनला तासभरही देऊ नये; 'अरेच्चा' आणि 'अगं बाई' ज्याला येतं त्याला 'ओह' आणि 'अलास' कळायला पाच मिनिटं पुरतात ('अलास' कोणी बोलतं का, हा प्रश्न वेगळाच). प्रोनाउनला थोडा, कन्जंक्शनला वाक्यं जोडायला लावण्यापुरता. उरलेला सगळा वेळ व्हर्ब, प्रिपोझिशन, आणि अ‍ॅडजेक्टिव्ह-अ‍ॅडव्हर्बच्या जोडीला. आर्टिकलला मरे यांच्यासारखी नववी खुर्ची द्यावी, कारण आपल्या कुठल्याच घरच्या भाषेत 'द' नाही आणि नाउन ओळखण्याची सगळ्यात हाताशी असलेली खूण तीच आहे. सुरुवात नाउनपासून करायची परंपरा आहे. मी व्हर्बपासून करीन. वाक्यात आधी व्हर्ब शोधायचा, मग कोण, मग काय, मग कुठे-कसं. मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी भेटतं, त्यामुळे मुलांची नजर शेवटाकडे जाते आणि इंग्रजी वाक्यात चुकते. ती मध्ये वळवायला थोडे दिवस लागतात.

शेवटचा अडथळा वहीचा आहे. पालक वही उघडून बघतात आणि मुख्याध्यापकही. आठ व्याख्या, प्रत्येकीखाली दहा उदाहरणं, लाल शाईची सही, अशी वही भरलेली दिसते. वाक्यावर वाद घातलेल्या तासाचं वहीत काही उरत नाही, आणि 'सर, आज काहीच लिहून दिलं नाही का?' असं विचारणाऱ्या आईला उत्तर देणं सोपं नसतं. तेव्हा रोज दोन वाक्यं लिहून द्यावीत, एकच शब्द दोन कामांत, आणि मुलाने खाली एका ओळीत मराठीत लिहावं की जात कशावरून ओळखली. बोलीत लिहिलं तरी चालेल. वर्षाअखेरी त्या ओळी वाचल्या की कोणत्या मुलाला काय कळलं ते सरांना कळेल. व्याख्यांची वही वर्गातल्या चाळीस मुलांची सारखीच असते.